भाच्याच्या बाप्तिस्म्यात न्यूटन

पत्राचा सारांश: वसईकडचे एक वाचक, वय ३१, इंजिनीअर. घर कॅथलिक, आजोबांपासून सगळे चर्चच्या कामात पुढे. ताईला लग्नानंतर सात वर्षांनी मुलगा झाला. नाताळनंतरच्या रविवारी बाप्तिस्मा आहे आणि धर्मपिता म्हणून मामानंच उभं राहायचं, असं घरात ठरलंय. मामांची अडचण अशी, की गेल्या वर्षी लोकलच्या प्रवासात त्यांनी न्यूटनच्या धार्मिक हस्तलिखितांबद्दल वाचायला सुरुवात केली. न्यूटन त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती मिळून एकच देव) मानत नव्हता हे कळल्यावर त्यांच्या मनात आधीपासून जे कुरतडत होतं त्याला धार आली. आता चर्चमधल्या मिस्सेत (सामूहिक उपासनेत) ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ म्हणताना जीभ अडते. ते लिहितात, “वेदीसमोर ‘हो, माझा विश्वास आहे’ म्हटलं तर मी ढोंगी. नाही म्हटलं तर आई वर्षभर रडेल. न्यूटनसारखा माणूस जन्मभर गप्प राहिला, मग मीही गप्प राहून ‘हो’ म्हणून टाकावं का? की न्यूटनसारख्या माणसालाच जे पटलं नाही ते मी स्पष्ट नाकारावं?”

प्रिय मामा,

तुमच्या पत्रात ‘न्यूटनसारखा माणूस’ हे शब्द चार वेळा आलेत. मी मोजले. ताईचा उल्लेख तीनदा, बाळाचा दोनदा. म्हणून आधी या पाहुण्याला बसायला पाट देऊ आणि तो तुमच्या घरात नेमका कशाला आलाय ते विचारू.

न्यूटननं गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला म्हणून देवाबद्दलही त्याचं बरोबरच असणार, असं तुम्ही नकळत धरून चाललात. पण हाच माणूस रात्र-रात्र किमयेच्या भट्टीपाशी बसायचा. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले आकडे मांडून त्यानं असाही हिशेब केला होता, की जगाचा शेवट २०६० च्या आधी व्हायचं काही कारण दिसत नाही. गुरुत्वाकर्षणावरच्या त्याच्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथाच्या पुण्याईवर त्याचं त्रैक्याबद्दलचं मत घ्यायचं, तर २०६० सुद्धा घ्यावं लागेल आणि गृहकर्जाचे हप्ते त्या बेतानं बांधावे लागतील. मोठ्या माणसाच्या नावानं आपली शंका मोठी होत नाही. आणि तुमची शंका मोठी व्हायची गरजही नाही. ती तुमची आहे एवढं तिला पुरे.

दुसरं गृहीतक जरा खोल आहे. न्यूटन शास्त्रज्ञ होता, म्हणून बुद्धीला पटेना आणि त्यानं त्रैक्य सोडलं, असं तुमच्या पत्रातून वाटतं. घडलं ते जवळजवळ उलटं. तो बायबलपासून लांब गेला नव्हता, फारच जवळ गेला होता.

केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात तो फेलो, म्हणजे कॉलेजाचा मानधन घेणारा सदस्य होता, आणि १६६९ मध्ये विद्यापीठात गणिताचा लुकाशियन प्राध्यापक झाला. (कॉलेजाचं पूर्ण नावच ‘पवित्र आणि अखंड त्रैक्याचं कॉलेज’. नशिबाला अशी थट्टा जमते.) कॉलेजातला नियम असा, की फेलोनं ठरावीक वर्षांत चर्च ऑफ इंग्लंडची पाद्री म्हणून दीक्षा घ्यायची, नाहीतर फेलोशिप सोडायची. न्यूटनची मुदत १६७५ ला संपत होती. त्या सुमाराला तो जुन्या चर्चपित्यांचे ग्रंथ, ग्रीक हस्तलिखितं, पहिल्या चार-पाच शतकांतले वाद असं सगळं उपसत बसला, आणि त्याचं मत बनलं ते असं: खरा, सर्वसमर्थ देव फक्त पिता. ख्रिस्त देवाचा पुत्र, जगाच्या आधीपासून असलेला, मसीहा, मरणातून उठवलेला, पण पित्याच्या बरोबरीचा देव नव्हे. ‘पिता आणि पुत्र एकाच सत्त्वाचे’ ही भाषा इ.स. ३२५ मध्ये निकेयाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेत शिरली, आणि पुढं अथनेशियस नावाच्या बिशपनं आणि त्याच्या बाजूच्यांनी ती चर्चच्या गळ्यात मारली, असं त्याला वाटे. ख्रिस्ताला देव म्हणून भजणं ही त्याच्या लेखी मूर्तिपूजा होती. मूर्तिपूजेइतकं मोठं पाप त्याला दुसरं दिसत नव्हतं.

म्हणजे बघा, हा माणूस सकाळ-संध्याकाळ बायबल वाचणारा, देवाच्या धाकात जगणारा. तो तुमच्या बाजूचा आहे का? तुम्हाला त्रैक्य खटकतंय, की पुनरुत्थानही खटकतंय, की देवच मागे पडलाय आणि न्यूटन हे त्याचं सभ्य कारण झालंय? पत्रावरून मला कळलं नाही. तुम्हाला तरी कळलंय का? याचं उत्तर आधी लागेल, कारण ताईशी काय बोलायचं ते त्यावर ठरणार आहे.

‘न्यूटननं सिद्ध केलंय की त्रैक्य नंतर घुसडलं’ असं तुम्ही लिहिलंय. त्यानं काय दाखवलं ते नीट पाहू. इथं त्याच्या कामाला मनापासून दाद द्यावीशी वाटते. नोव्हेंबर १६९० मध्ये त्यानं तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्राच्या रूपात एक लांबलचक निबंध पाठवला. विषय बायबलमधल्या दोन जागा. पहिली योहानाच्या पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायातली. जुन्या इंग्रजी बायबलात तिथं वाक्य होतं, की स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. न्यूटननं वकिलासारखा एकेक साक्षीदार उभा केला. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत हे वाक्य नाही. चौथ्या शतकात त्रैक्यावरून एवढी रणं माजली, पण ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज होती त्यांनीही ते कधी पुढं केलं नाही. इरॅस्मस या विद्वानानं १५१६ ला ग्रीक नवा करार छापला त्यात ते नव्हतं, ओरड झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत आलं. दुसरी जागा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली. ‘जो देहात प्रकट झाला’ आणि ‘देव देहात प्रकट झाला’ यांत ग्रीक लिपीत फरक किती? गोल अक्षराच्या पोटात एक आडवी रेघ आणि डोक्यावर एक रेघ. नकलनवीसाच्या बोरूचे दोन फटकारे.

आता घरातलं बायबल काढा आणि योहानाच्या पत्राची ती जागा उघडा. आजच्या बहुतेक भाषांतरांत तिथं आत्मा, पाणी आणि रक्त हे तीनच साक्षीदार आहेत. स्वर्गातल्या तिघांचं ते वाक्य मूळ मजकुरात नाही, असलंच तर तळटीपेत. खुद्द रोमच्या १९७९ च्या नव्या लॅटिन बायबलातही ते गाळलंय. म्हणजे या मुद्द्यावर न्यूटन जिंकला आणि चर्चनं ते मान्यही केलं, फारसा गाजावाजा न करता. पण त्यानं त्रैक्य पडलं का? चर्चचं म्हणणं असं, की त्रैक्य त्या एका वाक्यावर कधी उभंच नव्हतं. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात आहे, मत्तयाच्या शेवटची ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ ही आज्ञा आहे. त्यांचा अर्थ कसा लावायचा हा वाद तेव्हाही होता, आजही आहे. मी ख्रिस्ती नाही, त्या वादात निकाल देण्याची माझी पायरी नाही. एवढंच सांगते, की न्यूटननं एक वाक्य खोटं पाडलं. पुढची उडी त्याच्या श्रद्धेची होती. तुम्ही दोन्ही एकाच पुडीत बांधून घेतलंत.

आता गप्प राहण्याचं. ‘न्यूटन जन्मभर गप्प राहिला’ हे खरं आहे. पण तो कशाला घाबरत होता, ते पाहा. त्याच्या जन्माआधी ३० वर्षं, १६१२ ला, त्रैक्य नाकारणाऱ्या दोघांना इंग्लंडमध्ये जिवंत जाळलं होतं. १६८९ च्या सहिष्णुतेच्या कायद्यानं बऱ्याच पंथांना सवलत दिली, त्रैक्य नाकारणाऱ्यांना दिली नाही. जानेवारी १६९७ मध्ये एडिंबरात थॉमस एकनहेड नावाच्या २० वर्षांच्या विद्यार्थ्याला फाशी झाली. त्रैक्याची आणि बायबलची टवाळी केल्याचा आरोप होता. न्यूटन तेव्हा लंडनच्या टांकसाळीत मोठ्या हुद्द्यावर होता.

दीक्षेची अडचण त्याची सुटली ती राजामुळं. दुसऱ्या चार्ल्सनं १६७५ च्या एप्रिलमध्ये लुकाशियन प्राध्यापकाला दीक्षेतून कायमची सूट दिली. लॉकला पाठवलेला निबंध हॉलंडमध्ये निनावी छापायचा बेत होता, पण १६९२ ला न्यूटनचं धाडस संपलं आणि त्यानं छपाई थांबवली. निबंध बाहेर आला १७५४ ला, त्याच्या मृत्यूनंतर २७ वर्षांनी. बाकीचे कागद पेटीत गेले. मृत्यूनंतर ते चाळणाऱ्या डॉक्टरनं गठ्ठ्यांवर शेरा मारला, ‘छापण्यालायक नाही’. १९३६ मध्ये लंडनला लिलाव झाला तेव्हा कुठं जगाला खरा अंदाज आला. अर्थतज्ज्ञ केन्सनं बरेच कागद घेतले, धर्मविषयक मोठा भाग याहूदा नावाच्या संग्राहकानं घेतला आणि तो आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आता ते सगळं इंटरनेटवर फुकट वाचता येतं.

या गप्प बसण्याला दुसरीही बाजू आहे, आणि ती मला आवडत नाही. केंब्रिजमध्ये न्यूटनची खुर्ची विल्यम व्हिस्टनला मिळाली. त्याची मतं न्यूटनसारखीच होती, फक्त तो ती चारचौघांत बोलायचा. १७१० ला विद्यापीठानं त्याला हाकलला. न्यूटननं बोटही उचललं नाही. नोकरीपुरता चर्चचा प्रसाद तो घेत राहिला. मरताना मात्र त्यानं तो नाकारला, असं त्याच्या भाचीनं आणि भाचीच्या नवऱ्यानं सांगून ठेवलंय. ८४ वर्षं थांबून शेवटच्या दिवसांत, घरातल्या घरात.

तुम्हाला कोण जाळणार आहे? धर्मग्रामात चार लोक कुजबुजतील, आई रडेल, एखादी मावशी जेवणावळीत टोमणा मारेल. हे काही कमी नाही. घरातल्या माणसाचे डोळे भरलेले पाहणं राजाच्या शिपायापेक्षा जड जातं कधीकधी. पण त्यासाठी न्यूटनची पेटी उसनी आणू नका. तिचं कुलूप तुमच्या भीतीच्या मानानं फार मोठं आहे.

न्यूटनपेक्षा तुमच्या जवळचं एक माणूस सांगते. पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, सोबत लहानगी मनोरमा. त्यानंतर चेल्टनहॅमला शिकत-शिकवत असताना त्यांनाही याच जागी ठेच लागली. तीन व्यक्ती मिळून एक देव, हे त्यांना पटेना. एवढ्या देवांमधून बाहेर पडून एका देवाकडं आलेल्या संस्कृत पंडितेला ते कसं पटावं? पण पेटी नाही केली बाईंनी. पत्रं लिहिली. ज्यांना त्या लाडानं ‘आजीबाई’ म्हणत त्या वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डीनना लिहिली, कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बील यांना लिहिली. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचंही लिहून टाकलं. सिस्टर चिडल्या, त्यांना यात अहंकार दिसला. बीलबाईंनी मात्र शांतपणे एकेक शंका हातात घेऊन उलगडून पाहिली. संबंध ताणला, तुटला नाही. पुढं रमाबाईंची श्रद्धा वेगळ्या वळणानं गेली आणि अखेरची वर्षं त्यांनी केडगावला बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. त्यांचं वळण तुम्ही घ्यावं असं मी मुळीच सुचवत नाही. त्यांनी शंका कुणापाशी काढली तेवढं पाहा. जगापुढं नाही, पण दोन माणसांपुढं नक्की.

आता बाप्तिस्म्याकडं येऊ. तिथं आई-वडिलांना आणि धर्ममाता-धर्मपित्यांना प्रश्न विचारतात: पित्यावर तुमचा विश्वास आहे का, त्याच्या पुत्रावर आहे का, पवित्र आत्म्यावर आहे का. गंमत अशी, की या प्रश्नांत निकेयाचा तो ‘एकाच सत्त्वाचे’ शब्द नाही. न्यूटनलाही अशा जुन्या, साध्या कबुलीचं वावडं नव्हतं, त्याचं भांडण नंतर जोडलेल्या शब्दाशी होतं. तुमच्यातल्या इंजिनीअरनं हे वाचून टुणकन उडी मारली असेल, ‘म्हणजे मी हो म्हणू शकतो!’ थांबा. तुमचा अर्थ एक आणि फादर, ताई, आई समजतायत तो अर्थ दुसरा, हे माहीत असताना शब्दांच्या फटीतून निसटायचं, याला सूट म्हणत नाहीत. नंतर त्याचाच जास्त त्रास होईल.

तेव्हा आधी स्वतःपाशी ठरवा: ‘मला पटत नाही’ की ‘मला कळत नाही’? दोन्हींत फार अंतर आहे. त्रैक्य कळत नसणारे ‘हो’ म्हणणारे लोक चर्चच्या प्रत्येक बाकावर बसलेले असतात, आणि त्यांना कुणी ढोंगी म्हणत नाही. फादरनाही विचारलं तर ते ‘हे गूढ आहे’ असंच म्हणतील. तुमचं एवढंच असेल, तर ताईला आणि फादरना तसं सांगा आणि दोघं हो म्हणाले तर खुशाल उभे राहा. शंका घेऊन उभा राहिलेला धर्मपिता काही कमी दर्जाचा नसतो.

‘हे चूक आहे अशी माझी खात्री आहे’ असं असेल, तर उभे राहू नका. न्यूटनची खात्री होती, म्हणून तर त्याला दीक्षा नको होती. आणि यात बाप्तिस्मा अडत नाही. चर्चच्या नियमात एक धर्ममाता किंवा एक धर्मपिता पुरतो, दोघं असलेच पाहिजेत असं नाही. तुमच्या जागी चुलतभाऊ उभा राहू शकतो किंवा नुसती धर्ममाता. तुम्ही मामा आहात, ते पद कुणी काढून घेत नाही. त्या दिवशी बाळाला चर्चपर्यंत कडेवर तुम्हीच न्या. नंतरच्या जेवणाचा खर्च उचला. फोटोत पुढं उभे राहा.

माझ्या घरातला एक प्रसंग सांगते, कारण अशी पत्रं मला मुंजीवरून येतात, सत्यनारायणावरून येतात, कन्यादानावरून तर हमखास. सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला माझ्या नवऱ्यानं गुरुजींना बाजूला घेऊन सांगितलं, “मी यातलं काही मानत नाही, मंत्र म्हणणार नाही. बाकी सांगाल ते करीन.” मला वाटलं आता गुरुजी उठून जाणार. ते म्हणाले, “बरं. मंत्र मी म्हणतो. पाण्याची धार तेवढी अंगठ्याकडून सोडा, तुम्ही बोटांकडून सोडताय.” सासूबाई आतून ऐकत होत्या. त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी कुणाला तरी सांगताना ऐकलं, “आमचा बाळू निदान खोटं तरी नाही बोलला.” सगळ्या सासवा आणि सगळे गुरुजी असे नसतात, हे मान्य. पण आपण समोरच्याला जेवढं कच्चं धरतो तेवढा तो बहुधा नसतो.

बोलायचं कसं? आधी ताईशी, एकटीशी, आणि लवकर. नाताळच्या आठवड्यात, घर पाहुण्यांनी भरल्यावर नको. दोन-तीन वाक्यं पुरेत: “बाळासाठी तू मला निवडलंस याचा मला फार आनंद आहे. त्या दिवशी जे बोलावं लागेल त्यातलं थोडं मला मनापासून म्हणता येत नाही. तुझ्या मुलाच्या बाबतीत मला खोटं बोलून सुरुवात करायची नाही.” मग थांबा आणि तिला बोलू द्या. ती चिडली तर चिडू द्या, ओली बाळंतीण आहे, तिला धड झोपही नाही. न्यूटनचं नाव काढू नका. अथनेशियसचं तर मुळीच नको. वाद घालायला आलात असं वाटेल, आणि तिनं तुम्हाला वादासाठी बोलावलेलं नाही.

फादरकडं न्यूटन खुशाल न्या. त्यांनी सेमिनरीत हे सगळं वाचलेलं असतं, योहानाच्या त्या वाक्याचं तर नक्कीच. कदाचित वर्षातली पहिली चांगली गप्पा मारणारी भेट म्हणून खूश होतील.

आईला काय सांगायचं ते ताईशी बोलून ठरवा. आईला सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही. “या वेळी चुलतभाऊ उभा राहतोय, माझं आणि ताईचं बोलणं झालंय” एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. तिनं सरळ विचारलं तर मात्र सरळ सांगा. आणि सांगताना ‘देव नाही’ असं काही तिच्या कानावर जाऊ देऊ नका, जर ते तुमचं म्हणणं नसेल तर. ‘नाही पटत’ या दोन शब्दांत घरचे लोक फार मोठं भगदाड पाहतात. तुमचं भगदाड केवढं आहे ते तुम्हीच सांगितलेलं बरं.

ताईला फोन दुपारी दोनच्या सुमाराला करा, बाळ झोपलेलं असताना. आणि लोकलमधून करू नका, नायगावच्या पुलावर आवाज तुटतो.